रात्री माल कोणाच्या जिम्मेवर? संगमनेरचा तळ, हुंडेकरी आणि ट्रकांची मोकळी जागा

पार्किंगची कोणतीही पावती उलटून पाहावी. वाहन मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर उभे करावे, अशा अर्थाची एक ओळ तेथे हमखास सापडते. पैसे घेतले जातात ते जागेचे. वाहनाचे किंवा त्यातील मालाचे बरेवाईट झाल्यास पैसे घेणाऱ्याचा संबंध उरत नाही. ही ओळ इतकी अंगवळणी पडली आहे की जगाची रीत पहिल्यापासून अशीच असावी असे वाटते.

प्रत्यक्षात दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात व्यवहार जवळजवळ उलटा होता. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. गावाच्या हद्दीत चोरी झाली, तर चोर शोधणे हे जागल्याचे काम. आणि चोर सापडला नाही, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी प्रथम त्याच्यावर आणि उरलेल्या रकमेपुरती साऱ्या गावावर.

या दोन टोकांमध्ये काय घडले, हा या धाग्याचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी संगमनेरइतके सोयीचे गाव क्वचितच मिळेल.

नाशिकहून संगमनेर सुमारे ७० किलोमीटर, पुण्याहून सुमारे १४०. प्रवरेच्या काठी वसलेले हे गाव नावाप्रमाणेच नद्यांच्या संगमावरचे. दक्षिणेला पुण्याच्या वाटेवर चंदनापुरी घाट, पश्चिमेला अकोल्यावरून सह्याद्रीच्या कुशीत शिरणारा रस्ता, पूर्वेला कोल्हार–श्रीरामपूरकडचा सपाट मुलूख. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर ओझ्याच्या जनावराला पाणी, वैरण आणि विश्रांती लागते. ती जेथे मिळते तेथे बाजार उभा राहतो. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट संगमनेरच्या नावानेच अभ्यासकांना परिचित आहे. मोगल काळात हे गाव एका ‘सरकारा’चे ठाणे होते. ज्याचा सर्वांत प्रसिद्ध फटका आडवाटेला न लागण्याचा इशारा देत सुरू होतो, तो शाहीर अनंत फंदी याच गावचा, हाही एक मजेदार योगायोग.

ओझे घेऊन चालणारा माणूस थांबला की दुबळा होतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण संगमनेरच्याच परिसरात घडले. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराज जालन्याची लूट घेऊन परतत असताना रणमस्तखानाच्या मोगल फौजेने त्यांना संगमनेरजवळ गाठले. तीन दिवस लढाई चालली आणि सिधोजी निंबाळकर कामी आले. अखेरीस बहिर्जी नाइकांनी अपरिचित वाटेने रात्रंदिवस कूच करवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोहोचवले, असे सभासदाच्या बखरीत येते. त्या किल्ल्याचे विश्रामगड हे नाव या मुक्कामाशीच जोडले जाते. वेग हेच ज्या सैन्याचे बळ, तेच सैन्य लादलेल्या जनावरांमुळे संथ झाले, एवढाच मुद्दा येथे पुरे. राजाच्या सैन्याची ही स्थिती, तर मिठाच्या गोण्या घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याची काय असेल?

त्याच्यापुढे तीन उपाय होते. तिन्ही एकाच वेळी चालत, आणि तिघांचाही पाया वेगळा होता.

पहिला उपाय संख्येचा. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस बाजूला खोळंबावे लागे, अशी त्याची तक्रार आहे. धान्य आणि मीठ यांची देशभरची ने-आण बंजारा आणि लमाण तांड्यांच्या हाती होती. हे तांडे गावात न उतरता माळावर तळ देत. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून त्यांची भिंत रचली जाई, जनावरे बांधली जात आणि दांडगे कुत्रे राखणीला सोडले जात. म्हणजे मालाचेच कुंपण करून मालाचे रक्षण. तांड्याचे महत्त्व सेनापतींनाही ठाऊक होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला घेणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपल्या सैन्याच्या रसदीसाठी याच बंजाऱ्यांवर अवलंबून होता.

दुसरा उपाय दाराचा. मोगल साम्राज्याच्या हमरस्त्यांवर सराया होत्या. आपल्याकडे अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरची सराई त्याची साक्ष देते. इटालियन प्रवासी निकोलाव मनुची १६५६ मध्ये हिंदुस्थानात आला. सराईचे दार कसे चालते, याचे त्याने केलेले वर्णन फार बोलके आहे. सायंकाळी दार बंद होई. सकाळी ते उघडण्यापूर्वी रखवालदार तीनदा मोठ्याने पुकारा करी, की प्रत्येकाने आपापले सामान तपासून घ्यावे. कोणाचे काही गहाळ झाले असेल, तर ते सापडेपर्यंत दार उघडत नसे.

या पद्धतीची खुबी भिंतीच्या उंचीत नाही. सकाळच्या त्या तपासणीमुळे रात्रीच्या चोरीचा प्रश्न सर्वांच्या देखत आणि सर्वजण आत असतानाच सुटत असे. चोर बाहेर पडून दहा कोस गेल्यावर फिर्याद करण्यात हशील नाही, हे त्या रखवालदाराला पक्के ठाऊक होते.

तिसरा उपाय गावाचा, आणि मराठी मुलखापुरता तोच सर्वाधिक चाललेला. एल्फिन्स्टनच्या अहवालातील तपशील असा: चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला आणि तेथील जागल्याला तो पटवून देता आला, की पहिल्या गावाची जबाबदारी संपे आणि पुढच्या गावाची सुरू होई. माग जेथे हरवेल ते शेवटचे गाव भरपाईला बांधील. जणू चोरीचे ओझे एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर ढकलले जात होते आणि कोठे तरी ते कोणाला तरी उचलावेच लागत होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ते टाळलेले बरे. एल्फिन्स्टननेच नमूद केले आहे, की ही भरपाई उघडपणे अन्यायाची होती. गावाला चोरी रोखणे शक्य नसे आणि नुकसान भरण्याची ऐपतही नसे. म्हणून पूर्ण रक्कम क्वचितच वसूल होई, बहुधा काही दंड घेऊन प्रकरण मिटे. शिवाय जागल्या कोण असे? प्रदेशानुसार रामोशी, भिल्ल, कोळी, महार, मांग. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी आले, त्यांच्याच डोक्यावर सर्वांच्या मालाची हमी होती. सावकाराच्या गोण्या शाबूत राहाव्यात म्हणून ज्याने रात्र जागून काढायची, त्याच्या स्वतःच्या घरात एक गोणी धान्य असेलच असे नव्हते.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. रात्री माल गेला तर उत्तर कोण देणार, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत नाव होते आणि घर होते.

याच प्रश्नाला व्यापाराच्या बाजूने मिळालेले उत्तर म्हणजे हुंडेकरी. आज हुंडा म्हटले की लग्नच आठवते. जुन्या व्यापारी भाषेत मात्र माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्याचा उक्ता करार म्हणजे हुंडा, आणि तो घेणारा हुंडेकरी. वाटेतील जकाती त्याने भरायच्या, भाडे त्याने द्यायचे, जोखीम त्याची. व्यापारी एकरकमी पैसे मोजून मोकळा होई. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आडनावाच्या रूपाने तो आजही ऐकू येतो. विमा कंपनी, वाहतूकदार आणि जकात दलाल ही तीन कामे एकाच माणसात होती, असे म्हणता येईल. हुंडेकऱ्याला परवडायचे असेल तर रात्रीचा मुक्काम सुरक्षित असणे भाग होते. कोणत्या गावचा जागल्या खरा आणि कोणत्या तळावर थांबू नये, हे त्याचे खरे भांडवल. ही माहिती कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही आणि त्या पिढीबरोबर गेली.

१८१८ नंतर इंग्रजांनी ही घडी मोडली. पोलीस हे सरकारचे काम ठरले. गावची सामूहिक भरपाई मागे पडली. पण तिच्याबरोबर रामोशी आणि कोळी यांच्या रखवालीच्या हक्कांवर आणि त्यापोटी मिळणाऱ्या उत्पन्नावरही गदा आली. उमाजी नाइकांचा पुरंदर परिसरातील उठाव, तसेच संगमनेरशेजारच्या अकोले भागातील राघोजी भांगरे यांचे बंड, यांमागील कारणांत हे एक ठळक कारण होते. उमाजींना १८३२ मध्ये आणि राघोजींना १८४८ मध्ये फाशी झाली. आपल्या सोयीसाठी आपण याला ‘आद्य क्रांतिकारकांचा इतिहास’ आणि गाडीतळाला ‘वाहतुकीचा इतिहास’ अशा वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. वाटेची राखण कोणी करायची आणि तिचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मालाच्या हमीचे काय झाले? ती नव्या कायद्यात गेली. १८६५ च्या वाहक अधिनियमाने भाड्याने माल नेणाऱ्यावर मालाची कडक जबाबदारी टाकली. हुंडेकऱ्याचे ओझे एका अर्थाने इंग्रजी कायद्याच्या भाषेत आले. २००७ मध्ये त्याची जागा रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीच्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. म्हणजे वाहतूक कंपनी आजही कागदोपत्री हुंडेकरीच आहे. फरक इतकाच, की तिच्या मागे जागल्या उभा नाही.

दरम्यान रेल्वे आली आणि संगमनेरला वळसा घालून गेली. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तो अहमदनगर, राहुरी, बेलापूर असा पूर्वेकडून गेला. त्यातील बेलापूर स्थानकाभोवती पुढे श्रीरामपूर वाढले. पुणे–नाशिक थेट रेल्वेची चर्चा पिढ्यान् पिढ्या चालू आहे, रूळ मात्र अजून पडलेले नाहीत. परिणामी संगमनेर आधी बैलगाडीचे शहर राहिले आणि नंतर सरळ ट्रकचे शहर झाले. तंबाखू आणि विडी, मागावरचे कापड, पुढे साखर, दूध, कांदा, टोमॅटो, डाळिंब: या गावाने जे काही पिकवले किंवा बनवले, ते चाकांवर बसूनच बाहेर गेले.

बैलगाडीच्या काळात शहरांना मालाच्या मुक्कामाचे भान होते, याचा पुरावा नावांत उरला आहे. पुण्यात हडपसरचा गाडीतळ सर्वांना माहीत आहे. तेथे आता गाड्या सोडून बैलांना पाणी दाखवणारा कोणी नाही, पण नावाने जागेचे मूळ काम जपले आहे. कित्येक गावांत बैलगाडी अड्डा नावाचा चौक असतो. साखर कारखान्यांनी तर ही संस्था जिवंतच ठेवली. गळीत हंगामात उसाच्या गाड्या गाडीतळावर क्रमाने उभ्या राहतात. नोंद होते, दिवे असतात, वजनकाटा असतो आणि रात्री कोणी ना कोणी जागे असते. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तेथील माणसाला सुरक्षित वाहनतळ ही कल्पना परदेशातून आणावी लागू नये.

मग ट्रकला तळ का मिळाला नाही?

उत्तराचा एक भाग १ जून १९४८ या तारखेत आहे. त्या दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली आणि तिच्यासोबत जागाही आली. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी मोक्याचा भूखंड एसटी स्थानकाकडे आहे. संगमनेरचे स्थानकही असेच भर शहरात आहे. मालवाहतूक मात्र खासगी हातांत राहिली, तीही बहुतांशी एक-दोन ट्रक असलेल्या मालकांच्या. ज्याचा मालक सरकार, त्याला स्थानक; ज्याचा मालक हप्ते फेडणारा एकटा माणूस, त्याला रस्त्याची कड.

कायद्याने दखल घेतली नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि कामगारांना रात्री जेथे थांबावे लागते तेथे मालकाने विश्रांतिगृह पुरवावे, असेही कलम होते. परंतु हा कायदा लागू झाला तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना. एका ट्रकवर एक चालक आणि एक क्लीनर! हिशेब तेथेच संपतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या आणि थांबण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवण्याचा अधिकार देते. अधिकार देते, बंधन घालत नाही.

या साऱ्याची बेरीज चालकाच्या अंगावर पडली. माल पोहोचवण्याची हमी वाहतूक कंपनीची. कंपनी ती ट्रकमालकावर ढकलते आणि मालक चालकावर. डिझेल चोरीला गेले, ताडपत्री फाडून पोती काढली, टायर गेला, तर पहिला जाब त्यालाच. म्हणून तो ट्रक सोडून झोपायला जात नाही, केबिनमध्येच पडतो. दिवसभर गाडी हाकणारा माणूस रात्रीचा जागल्या झाला. ज्याची झोप साऱ्या रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक, त्याच्याचकडे जागे राहण्याचे काम आले. दोनशे वर्षांत घडलेला खरा बदल हाच आहे. धाबा आणि पेट्रोलपंप यांनी जमेल तशी सराईची जागा भरून काढली, पण तेथेही दार नाही.

खेड ते सिन्नर हा सुमारे १३८ किलोमीटरचा पट्टा चौपदरी झाला आणि संगमनेरला बाह्यवळण मिळाले. हिवरगाव पावसा येथे टोलनाका उभा राहिला. शहरातील कोंडी हलकी झाली. परंतु थांबण्याची गरज बाह्यवळणाने नाहीशी होत नाही, ती फक्त शहराबाहेर सरकते. अंधारात रस्त्याकडेला उभ्या ट्रकवर मागून आदळणारे वाहन ही या राज्यातील वृत्तपत्रांना अपरिचित बातमी नाही.

मोठ्या शहरांनी प्रयत्न केले. मुंबईच्या बंदराजवळच्या दाटीतून वाहतूक व्यवसाय हलवण्यासाठी वडाळ्याचे ट्रक टर्मिनल आले, लोखंड बाजारासाठी सिडकोने कळंबोली उभारली, निगडीला ट्रान्सपोर्टनगरी झाली, नाशिकने आडगावला जागा दिली. पुढे काय घडले, ते महत्त्वाचे आहे. २०१० मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वडाळ्यातील आपला एक भूखंड लिलावात काढला, तेव्हा चार हजार कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. तेथे आता उंच मनोरे आहेत. काही वर्षांनी सिडकोने ट्रक टर्मिनलसाठी राखलेल्या भूखंडांवर पंतप्रधान आवास योजनेतील घरे बांधण्याचे ठरवले. वाशीच्या बाजार समितीलगतचा ट्रकतळ त्यातच गेला आणि ट्रक आसपासच्या रस्त्यांवर आले.

परवडणारी घरे हवीतच, त्याविषयी वाद नाही. पण घरांसाठी नेमकी हीच जागा कशी सुचते? ट्रक उभे असलेली जमीन नियोजनकाराच्या डोळ्यांना रिकामी दिसते. नकाशावर तेथे इमारत नसते. रात्री तेथे शेकडो माणसे झोपतात, पण ती मतदारयादीत नसतात; कोणी राजस्थानचा, कोणी तमिळनाडूचा, कोणी बीडचा. त्यांच्या वतीने हरकत नोंदवायला नगरपालिकेत कोण येणार?

लहान शहरात अडचण वेगळी असते. विकास आराखड्यात ट्रक टर्मिनससाठी आरक्षण टाकता येते. १९६६ च्या नगररचना अधिनियमात त्याची तरतूद आहे. परंतु दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढील ठरावीक मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण गळून पडते. संपादनाला पैसा लागतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६५ हजार वस्ती असलेल्या शहरासाठी ही किरकोळ बाब नाही. शिवाय जकात गेल्यापासून नगरपालिकेला दारात थांबलेल्या मालट्रकातून थेट काही मिळत नाही. जकातनाका कटकटीचा होता, भ्रष्ट होता, तो गेला ते उत्तमच. पण नाक्यावर ट्रकला थांबवण्यात शहराचा स्वार्थ होता. तो संपला आणि ट्रक शहरासाठी निव्वळ अडथळा उरला.

मग आपल्याच मालकीची पडीक जागा भाडेपट्ट्याने द्यावी, हा मार्ग उरतो. येथे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम ९२ वाचण्यासारखे आहे. परिषद आपली स्थावर मालमत्ता स्वतःच्या अधिकारात मुळात तीन वर्षांपर्यंत पट्ट्याने देऊ शकते आणि पट्टेदाराला तीवर पक्के बांधकाम करता येत नाही. मुदत वाढवायची तर वरची परवानगी लागते. हेतू स्वच्छ आहे: नगरसेवकांनी गावाची जमीन सोयऱ्याधायऱ्यांच्या घशात घालू नये. पण परिणाम पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. उभे राहणे, वळणे, बाहेर पडणे धरून ट्रकमागे चौदाशे चौरस फूट मानले, तर तीसेक ट्रक मावतात. रात्रीचे दीडशे रुपये धरले आणि तळ रोज भरला असे मानले, तर वर्षाला साडेसोळा लाखांच्या आत. ही केवळ मनातली आकडेमोड आहे, तरी तिच्यातून प्रश्न उघड होतो. चौरस आकाराच्या एकराला सुमारे ८३५ फूट कुंपण लागते. शिवाय दिवे, पाणी, शौचालय, न्हाणीघर, तीन पाळ्यांचे राखणदार. पक्के काही बांधायचे नाही आणि तीन वर्षांनी जागा सोडायची, अशा अटीवर हे सारे कोण उभारील? म्हणून ठेकेदार येतो तो एक दोरी, एक खुर्ची आणि पावतीपुस्तक घेऊन. त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूवर काय छापलेले असते, ते आपण सुरुवातीला पाहिले.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न माणूस मेल्यावरच ऐकला गेला. मार्च २००९ मध्ये अमेरिकेत जेसन रिव्हेनबर्ग हा ट्रकचालक माल उतरवण्याच्या वेळेपूर्वी पोहोचला. थांबायला दुसरी जागा नसल्याने त्याने एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर ट्रक लावला आणि तेथे त्याचा खून झाला. मारेकऱ्याच्या हाती लागले सात डॉलर. २०१२ मध्ये तेथील केंद्रीय महामार्ग कायद्यात ट्रक पार्किंगसाठी जी तरतूद आली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ट्रकतळांसाठी सुरक्षेच्या चार श्रेणी ठरवल्या: कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. झोप सुखाची व्हावी, याची सोय होऊ लागली आहे. तो झोपला असताना मालाकडे कोणी पाहायचे, याचा उल्लेख त्या घोषणेत नव्हता.

पावतीवरील ओळीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलच्या ताब्यातून १९९८ मध्ये एक मोटार चोरीला गेली होती. किल्ली आणि ताबा कर्मचाऱ्याकडे सोपवल्यावर, मालकाची जबाबदारी असे पावतीवर छापून हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकालाचे मर्म किल्लीत आहे. ट्रकचालक मात्र किल्ली कधीच देत नाही, कारण तो आतच झोपलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने ट्रक कोणाच्या हवाली झालेलाच नसतो. तळाचा ठेकेदार निर्धास्तपणे म्हणू शकतो की आपण फक्त जमीन वापरू दिली.

मनुचीने पाहिलेल्या सराईत ही पळवाट नव्हती. तेथेही प्रवासी आपल्या सामानाशेजारीच झोपत. पण दार बाहेर पडण्यापूर्वी उघडत नसे, आणि दाराची जबाबदारी दार लावणाऱ्याची होती.

बाजार समितीच्या आवारात फाटक असते, वजनकाटा असतो, रखवालदार असतो, आवक-जावकीची नोंदवही असते. १९६३ च्या कायद्यापासून महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या बाजारगावात असे आवार उभे आहे आणि संगमनेरही त्याला अपवाद नाही. फाटकावर आत येताना ट्रकचा क्रमांक, मालाला लावलेल्या सीलचा क्रमांक आणि ताडपत्रीची स्थिती लिहून घेणे, सकाळी फाटक उघडण्यापूर्वी तीच नोंद चालकाच्या समोर पडताळणे, आणि फरक आढळल्यास ठरलेल्या रकमेपर्यंतची भरपाई पट्टेदाराने द्यावी असे पट्ट्यात एक कलम घालणे: एवढ्यासाठी पक्के बांधकाम लागत नाही, त्यामुळे कलम ९२ आड येत नाही. तीस ट्रकांच्या तळावर ही पडताळणी करायला पहाटे एका माणसाला तासभर पुरेल. त्याचे वेतन आणि विम्याचा हप्ता दीडशे रुपयांत बसतो की दोनशे लागतात, हा हिशेब निविदा काढणाऱ्याने करायचा आहे.